जादा तर्री कुठे मांडायची, ताई?

प्रिय ताई,

उद्या सोनलला पाहायला येणार आहेत. मुलगा नागपूरला बँकेत आहे म्हणे. म्हणून लिहितोय. एरवी तुझ्या फोटोशी बोलून माझं भागतं, पण गणित तोंडी सुटत नाही, त्याला कागद लागतो, हे तूच शिकवलंस ना? आज माझ्यापुढे गणितच आहे. नफा-तोट्याचं शाब्दिक उदाहरण. आणि उत्तर काही केल्या माझ्या बाजूने येत नाही!

ठेला आवरून कडुलिंबाखालच्या बाकड्यावर बसलोय. पोह्याची कढई, वर ओतायच्या चण्याच्या तर्रीचा गंज घासून पालथे घातलेत. समोर सेवाग्रामच्या दवाखान्याचं गेट. या गेटातून तुला किती वेळा आत नेलं आणि घरी आणलं! थंडी पडली की तुझं सिकलसेल उसळायचं, हाडं ठणकायची, आणि तू वॉर्डातल्या खाटेवर बसून शेजारच्या पेशंटच्या पोरांना गणितं घालायचीस. शेवटच्या वेळी मात्र तू आमचं काही ऐकलं नाहीस. काऊन गं? मला अजून वजाबाकी शिकायची होती.

आठवते तुझी पद्धत? पुस्तकात असायचं, ‘एका व्यापाऱ्याने’. तू लगेच विचारायचीस, “व्यापारी कोण? नाव सांग.” मी म्हणायचो, “मीच.” मग तू सुरू व्हायचीस, “मंग गोलूशेठ, संत्री किती रुपयाला घेतली ते पुस्तकात दिलं आहे. टोपलं उचलून बाजारात कोणी नेलं? तुह्या मायनं. तिची मजुरी कुठं लिहिली?” मी म्हणायचो, पुस्तकात नाही. तू म्हणायचीस, “पुस्तकातल्या व्यापाऱ्याले माय नसते, भूक नसते, ताप येत नाही. तुले आहे. खर्चात सगळं मांड.”

आणि सोनलशी ओळखही तूच करून दिलीस. ती नर्सिंगची ट्रेनिंग करत होती, तुझी सलाईन बदलत होती. मी डबा घेऊन आत आलो तर तू तिला म्हणालीस, “हा माहा भाऊ. बीकॉम करून राह्यला, पण याले वजाबाकी येत नाही.” ती इतकी हसली! त्या हसण्यावर मी अजून जगतोय. मग सेकंड इयरला मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं, तेव्हा तू माझ्याशी बोलणं टाकलंस. बोललीस ते एकदम ठेल्याचंच. “नोकरी तुह्या रागाले झेपणार नाही. पोहे लाव.”

लावले. आणि तू नियम घालून दिलास, दुसऱ्यांदा तर्री मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. का, ते मला विचारावं लागलं नाही. तू ॲडमिट असताना आई याच रस्त्यावर एक प्लेट पोहे घ्यायची आणि तर्री मागून मागून त्यात दिवस काढायची. ठेलेवाला तोंड वाकडं करायचा. आई घरी आल्यावर तेच तोंड करून दाखवायची आणि आपण हसायचो. तू मात्र हसायची नाहीस.

आता ऐक, मागच्या रविवारी काय झालं ते. समुद्रपूरला सोनलच्या घरी गेलो, रीतसर, इस्त्रीचा शर्ट घालून. तिचे बाबा एसटीत कंडक्टर आहेत. त्यांनी चहा समोर ठेवला आणि विचारलं, “ठेल्यावर भेटते किती?”

मी छाती काढून म्हणालो, “रोजचे दोन हजार, महिन्याचे साठ हजार, काका.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “रविवारी दवाखान्याची ओपीडी राह्यते काय?”

“नाही, रविवारी ठेला बंद असतो.”

“मंग तीस दिवस कुठून आणले? आन् हा तर गल्ला झाला बापू. माह्या थैलीत दिवसाले पंधरा हजाराचं तिकीट जमते. मी काय रोज पंधरा हजार घरी आणतो?”

आतल्या खोलीत सोनलची आई फिसकन हसली. माझं डोकं सणकलं, ताई. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “पोरगी द्यायची नसेल तर सरळ नाही म्हणा, परीक्षा कशाला घेता?” आणि निघालो. स्टँडवर आल्यावर पायात बघतो तर काकांच्या चपला! माझ्या तिथेच राहिल्या. परत जायची हिंमत झाली नाही. एक नंबर मोठ्या आहेत, चालताना फटफट वाजतात. आठवडाभर ठेल्याखाली ठेवल्यात.

सोनलचा फोन आला. मला वाटलं, रडेल. ती भांडलीच! “बाबा काय चुकीचं बोलले? अरे, मी त्यांच्याशी तुझ्यासाठी भांडायला तयार आहे. पण खोट्या आकड्यावर मी कशी भांडू? खरं काय उरते ते सांग. कमी असेल तर कमी सांग. रविवारी ते लोक यायच्या आधी सांग.”

म्हणून बसलो मांडायला, तुझ्या पद्धतीने. व्यापारी कोण? मी. प्लेट वीस रुपयांची, दिवसाला शंभर प्लेटा, गल्ला दोन हजार. इथवर मला येतं! पोहे, कांदे, तेल साडेसातशे. तर्रीचे चणे आणि मसाला पाचशे. गॅस दोनशे. द्रोण आणि पाणी पन्नास. झाले पंधराशे. उरले पाचशे. मी उडी मारली, ताई. पाचशे! तेवढ्यात आई आली. पहाटे उठून चणे शिजवणारी आई. तिची मजुरी मी तीनशे लिहिली तर म्हणते, “माही काहाले लिहितं रे? मी काय परकी आहे?” मी म्हटलं, ताई रागवेल. माझे चारशे लिहिले. सातशे गेले.

वजा दोनशे.

किती वेळा तपासलं म्हणून सांगू! कुठे हातचा राहिला असेल, कुठे काही दोनदा धरलं असेल. नाही. रोज दोनशेचा तोटा, आणि मी साठ हजार सांगून आलो!

मग मला दिसलं. तर्रीच्या पाचशेतले निम्मे दुसऱ्यांदा मागणाऱ्यांच्या द्रोणात जातात. म्हणजे अडीचशे. ते थांबवले की वजा दोनशेचे अधिक पन्नास होतात! पन्नास का होईना, नफा! काकांसमोर ताठ मानेने बसता येईल एवढा नफा. बघ, कसं नेमकं बसतं! माझं लग्न आणि तुझा नियम एकाच ओळीत, मधे फक्त एक चिन्ह. तू सगळं खर्चात मांडायला शिकवलंस, मग ठेला सुरू करताना हीच तर्री कुठे मांडायची ते का नाही सांगितलंस? विसरलीस? की मला कळेल असं वाटलं? मला नाही कळलं गं!

गुरुवारी मी पुठ्ठा टांगला, ‘जादा तर्री पाच रुपये’. काय तमाशा झाला! रिक्षावाले म्हणाले, “काऊन रे गोलू, तर्रीले बी तिकीट लावलं काय? सासरा कंडक्टर भेटला वाटते!” मी ऐकून घेतलं. खरंच ऐकून घेतलं, ताई, तुला खोटं वाटेल. सोनलसाठी मी शिव्याही ऐकल्या असत्या.

मग हिंगणीकडचे एक म्हातारबाबा आले. मालकीण, म्हणजे त्यांची बायको, वॉर्डात आहे म्हणाले. अर्धी प्लेट खाऊन उरलेली अर्धी तिच्यासाठी कागदात बांधली. पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग द्रोण पुढे करून हळूच म्हणाले, “दोन रुपयाची देजो ना बापू. पाचाची नाही लागत मले.”

ताई, मला आपली आई दिसली! तोंड वाकडं करणारा तो ठेलेवाला आता मी होतो. मी पुठ्ठा फाडला. टराटरा फाडला, सगळ्यांसमोर. बाबा बिचारे घाबरले, त्यांना वाटलं मी त्यांच्यावरच चिडलो. काठोकाठ तर्री वाढली तरी दोन रुपये पुढे धरून उभे.

म्हणजे वजा दोनशे पुन्हा जागेवर.

काय करू गं? सोनल गेली तर मी या गेटासमोर रोज सकाळी कढई कशी चढवू? तिची ड्युटी सुटली की ती याच रस्त्याने जाते. लग्नानंतर बँकेवाल्याबरोबर नागपूरला जाईल. मला रोज रिकामा रस्ता दिसेल! रात्रभर नुसता तडफडतो, आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करते.

एकच वाट दिसते. प्लेट पंचवीसची करायची, तर्री फुकटच ठेवायची. शंभरच्या शंभर गिऱ्हाईकं टिकली तर रोज तीनशे नफा. पण शंभर टिकणार नाहीत. किती टिकतील? माहीत नाही. तू म्हणायचीस, “माहीत नाही त्याले क्ष मान, पण मनचा आकडा भरू नको.” तर ताई, मी उद्या क्ष घेऊन जाणार आहे. लग्नाच्या बोलणीत क्ष! काका हसतील. हसू दे.

तुला शब्द देतो. उद्या पहिल्या बसने समुद्रपूरला जाईन, ते लोक यायच्या आत. आधी काकांच्या चपला त्यांच्या दारात ठेवीन, पुसून. मग न ओरडता सांगेन, “काका, आज रोजचा दोनशेचा तोटा आहे. त्यात आईची मजुरी धरली आहे आणि जादा तर्रीचे अडीचशे धरले आहेत. आईची मजुरी काढणार नाही, तर्री थांबवणार नाही. प्लेटीचा भाव वाढवतो. पुढचं मला माहीत नाही.” सोनल ऐकत असेल. तिला भांडायला खरा आकडा हवा होता, तो तिच्या हातात दिला की माझं काम संपलं. ती भांडेल की नाही, ते मी गृहीत धरणार नाही. आणि काही झालं तरी तिथून निघताना पायात माझ्याच चपला असतील.

सोमवारी ओपीडी आहे. उद्या काय होईल ते होवो, आई चणे भिजत घालेलच. कोणी द्रोण पुढे केला तर मी नाही म्हणणार नाही.

तुझा,
वजाबाकी शिकलेला
गोलू