अनुक्रमांक दोनचे प्रपत्र

पिंपळे गुरव,
सोमवार, सकाळ

आदरणीय भीमराजभाऊ यांस साहेबरावाचा सविनय जय भीम.

आपल्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित पार पडल्याचे वहिनींकडून समजले. आता माझे अक्षर दिसत असेल असे गृहीत धरून लिहीत आहे. दिसत नसल्यास पत्र वहिनींकडून वाचून घ्यावे, मात्र तिसरा परिच्छेद त्यांना वाचावयास देऊ नये. माझी प्रकृती उत्तम आहे (हे विधान पुढे वादग्रस्त ठरणार असले तरी पत्रारंभी ते लिहिण्याचा प्रघात मी मोडू इच्छित नाही).

भाऊ, गेल्या आठवड्यात शासनाने मला विचारले की मी उदास असतो काय. मी अद्याप त्या धक्क्यातून सावरलेलो नाही. नळाला पाणी किती वेळ येते, गच्चीवरील पिंपात डासांच्या अळ्या आहेत काय, येथवरचे शासकीय कुतूहल मी समजू शकतो. परंतु हा प्रश्न सदतीस वर्षांच्या संसारात प्रत्यक्ष आपल्या भगिनीनेही मला कधी केला नाही. (तिला गरज पडत नसे. भाजीत मीठ कमी असूनही मी काही बोललो नाही, की तिला कळत असे.) आमच्या भागातील दवाखान्यातर्फे मनाच्या आजारांची तपासणी आता घरोघरी आणि विनामूल्य होते, असे आशा सेविका मिनल हिने दारातच सांगितले. मुलगी चपळ, परंतु या गल्लीत नवीन. तिच्याकडील जुन्या यादीत आमच्या घरी दोन माणसे, म्हणून तिने दोन कागद माझ्या हाती ठेवले आणि जिना उतरता उतरता म्हणाली, "काका, नुसत्या खुणा करायच्यात, पण खऱ्या खऱ्या करा हां. उद्या नेते मी."

येथे माझ्याकडून जे घडले ते केवळ माझ्या पेशामुळे घडले. चाकणच्या कारखान्यात एकतीस वर्षे मी गुणवत्ता तपासणी विभागात होतो. रिकामा रकाना म्हणजे न झालेली तपासणी, हा तेथील नियम. कागद दोन आले आणि रेशनकार्डावरही नावे दोनच आहेत. (कस्तुराचे नाव कमी करण्याचा अर्ज मी आठ महिन्यांपूर्वी, ती गेली त्याच आठवड्यात भरून ठेवला. तो टेबलावर आहे.) अनुक्रमांक एक, म्हणजे मी. नऊ प्रश्नांपुढे नऊ वेळा 'मुळीच नाही' अशी खूण मी दीड मिनिटात केली. दुसऱ्या कागदावर आडवे 'मयत' असे लिहिणे उचित होते. पेन उघडले, जागाही पुरेशी होती. तरी हात चालला नाही. मग पहिला प्रश्न वाचला, कशात मन लागत नाही असे होते काय, आणि घरात एकवार नजर फिरवून जे आढळले ते नोंदविले. झोप, भूक, थकवा, सर्वांपुढे 'जवळजवळ रोज'. शेऱ्याच्या जागी लिहिले की चहा अजूनही दोन कप होतो व एक मोरीत ओतावा लागतो. दुपारी टीव्ही लावला जातो, परंतु आवाज बंद ठेवून. आपण नसतो तर बरे झाले असते असे वाटते काय, या नवव्या प्रश्नापुढे 'काही दिवस' अशी खूण केली. शेवटी 'करिता' लिहून स्वाक्षरी केली, कारण दुसऱ्याच्या कागदावर सही करताना तसे लिहावे लागते.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता इमारतीखाली दवाखान्याची गाडी उभी राहिली. पायरीवर मेथी निवडत बसलेल्या विमलबाईंना (तळमजल्याच्या मूळ मालकीण, त्यांच्या नजरेतून या गल्लीत मांजरही सुटत नाही) गाडीतील मंडळींनी विचारले की कस्तुराबाई कितव्या मजल्यावर असतात. विमलबाईंनी तेथूनच मला हाक दिली, "आवं साहेबराव, कस्तुराला न्ह्यायला गाडी आलीया. आता आनि कुटं न्हेत्यात तिला?" मी दार उघडेपर्यंत जिन्यात बारा माणसे जमली होती, त्यांपैकी दोन शेजारच्या इमारतीतील.

समुपदेशक निशिगंधाबाई आणि त्यांचे सहायक ज्योतीराम चपला काढून आत आले. कस्तुराबाई कुठे आहेत, असे बाईंनी फार हळुवारपणे विचारले. समोरच्या भिंतीवर, घड्याळाच्या डाव्या बाजूस, असे मी सांगितले. भाऊ, एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावरील रंग इतक्या पद्धतशीरपणे उतरताना मी पाहिलेला नाही. ज्योतीरामाने हार घातलेल्या फोटोस हात जोडले, आणि रक्तदाबाचे यंत्र काढून झालेच आहे तर काय, अशा विचाराने असावे, पट्टा माझ्या दंडाला बांधला. (एकशे सत्तर. त्याबद्दल मी जिन्यातील गर्दीस जबाबदार धरतो.)

निशिगंधाबाईंनी दुसरा कागद दोनदा वाचला आणि विचारले, "काका, हा फॉर्म कोणाचा?"

रेशनकार्डावरील अनुक्रमांक दोनचा, असे मी उत्तर दिले.

"आणि उरलेला चहा कोण ओततं?"

हा प्रश्न प्रपत्रात नाही हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हणालो, "मी."

त्यांनी माझा पहिला कागद उचलून बाजूला ठेवला. "मग हा रिजेक्ट."

भाऊ, एकतीस वर्षांत मी लोखंडाचे हजारो भाग नापास केले. माझा कागद कोणी नापास केला नव्हता. मी आक्षेप नोंदविणार होतो. एवढ्यात विमलबाई आत आल्या आणि "चांगल्या मान्साला येडं ठरीवता व्हय?" म्हणून बाईंना दटावू लागल्या. बाईंनी त्यांना शेजारी बसवून तेच प्रश्न विचारले. दुसऱ्या प्रश्नालाच विमलबाईंनी पदर डोळ्यांना लावला. (तीन मुले, तीन फ्लॅट आणि बोलावयास कोणी नाही, ही बातमी आम्हा सर्वांनाच नवी होती.) हे ऐकून जिन्यातील बघ्यांपैकी चौघांनी, आपल्यासाठी नव्हे, आपल्या एका ओळखीच्या माणसासाठी, कागद मागितला. माझ्या घरी दीड तास ओ.पी.डी. चालली व साखर संपली.

मानसोपचारतज्ज्ञ दवाखान्यात पंधरवड्यातून एकदा येतात. मला पुढच्या आठवड्यातील गुरुवार, सकाळी अकराची वेळ दिली आहे. मी जाणार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. तोवर मिनल डासांची तपासणी म्हणून रोज डोकावते. एका पिंपात इतके काय पाहायचे असते, हे मी तिला विचारलेले नाही.

वहिनींस नमस्कार व मुलांस आशीर्वाद. डोळ्यास धूळ लागू देऊ नये.

आपला नम्र,
साहेबराव

ता.क. या प्रकाराविरुद्ध तक्रार करावी म्हणून कागदाच्या तळाशी छापलेल्या शासनाच्या मोफत क्रमांकावर मी शनिवारी दूरध्वनी केला. पलीकडील मुलीने मी जेवलो काय, असे विचारले. तक्रार राहून गेली. संभाषण पंचेचाळीस मिनिटे चालले.

ता.क. २. आपला भाचा चि. धम्मरत्न दर रविवारी बंगळुरूहून विचारपूस करतो व मी 'उत्तम' असे सांगतो. त्यास काही कळवू नये. किंवा आपण कळवावे. मला ते जमत नाही.

ता.क. ३. गुरुवारी रुग्णासोबत त्यास जवळून ओळखणारे कोणी असावे, असे बाईंनी सांगितले आहे. मला जवळून ओळखणारी एकच व्यक्ती होती. परंतु तिला जन्मापासून ओळखणारा एक मनुष्य सेलूस राहतो, तो चालेल काय, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, चालेल. बुधवारी निघावे. मी स्टेशनवर येतो.