बरा झालेल्या माणसाचा फोटो

गुरुवार, १४ तारीख

ती. वहिनी,

नमस्कार. इकडे दुकान ठीक, मीही ठीक. तुमचे गुडघे काय म्हणतात? पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. माझं जुनं गिऱ्हाईक आहे, नीट पोचवेल. त्याला चहा विचारा.

आता भांडतो.

तुमच्या श्वासाच्या वर्गाच्या भिंतीवर माझा फोटो लावलाय आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘गोळ्या-सुयांशिवाय आतडी ठणठणीत!’ कुणाची हो आतडी? माझी? दर दोन महिन्यांनी हॉस्पिटलात माझ्या हातात सुई खुपसतात, तेव्हा तिकडून बसनं येऊन माझा दुसरा हात कोण धरतं? तुम्हीच ना? आणि वर लोकांना सांगता, ‘भाऊजींना ताकदीचं सलाईन लावतात.’ ताकदीचं कसलं डोंबलाचं! औषध असतं ते. ते बंद केलं की मी आडवा होतो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

तुमच्या श्वासाची मी कधी चेष्टा केली नाही. पूर्वी वस्तरा हातात घेतला की आता कळ येणार या भीतीनंच कळ यायची. पोटावर हात ठेवून सावकाश श्वास सोडायला तुम्ही शिकवलंत, तेव्हापासून गिऱ्हाइकाचा गळा आणि माझी अब्रू दोन्ही शाबूत आहेत. मोठ्या डॉक्टरांना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, ‘करा, करा, तेवढीच करमणूक.’ त्यांचाही मला सणसणीत राग आला. पोट माझं, कळ माझी आणि करमणूक म्हणे! नर्सबाई तेवढ्या शहाण्या. म्हणाल्या, ‘जरूर करा. झोप लागते, दुखणं सोसवतं. फक्त औषध सोडू नका.’ एवढंच वाक्य फोटोखाली मावलं नसतं का?

मागे बोललो तेव्हा तुम्ही हात झटकलेत. ‘राहू द्या हो भाऊजी, त्यानं कुणाचं काय बिघडतं?’

बिघडतं, वहिनी.

काल दुकानात एक मुलगी आली. कॉलेजातली. केस फार गळतात, अगदी बारीक करायचे म्हणाली. कंगवा फिरवला तर पुंजकाच हातात आला. आरशात बघतो तर चेहरा पांढराफटक. केस कापून होईपर्यंत दोनदा मागच्या संडासात पळाली. मला काय कळायचं राहतंय? चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. हळूच विचारलं, ‘रक्त पडतं का गं?’ तर खुर्चीतच रडायला लागली. कित्येक महिने पडतंय. डॉक्टर नाही, गोळी नाही, काही नाही. रोज पोटावर हात ठेवून श्वास, बस्स. का, तर तुमच्या भिंतीवरचा माणूस तसाच बरा झाला!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडू कुणावर? शेजारच्या खुर्चीत निवृत्त मास्तर एका गालाला साबण लावून बसले होते. ते तसेच रस्त्यावर धावले आणि गाडी थांबवून आले. आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. रक्त चढवलं, औषध सुरू केलं. आणखी उशीर झाला असता तर आतडं कापावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आज सकाळी सांगितलं, धोका टळला. वहिनी, हे नीट वाचा. धोका टळलाय. मगच पुढचं वाचा.

ती आपली भिंगरी आहे.

पत्राच्या सुरुवातीलाच भांडलो, कारण हे लिहायचा धीरच होत नव्हता. वसतिगृहातून ती दर रविवारी माझ्याकडे जेवायला येते, अर्धवट खाऊन उठते, आणि मी म्हणायचो परीक्षा असेल. माझं सलाईन ताकदीचंच, असं तीही तुमच्यावर विश्वास ठेवून धरून चालली होती. आईला का नाही सांगितलंस, असं विचारलं. म्हणाली, ‘बाबा गेल्यावर आईनं या वर्गावर मला वाढवलं. तिचीच पोरगी पोटानं आजारी म्हटल्यावर वर्गात कोण येईल, काका?’ तुमचं नाव राखायला पोर गप्प बसून रक्त सांडत होती. आता मला सांगा, कुणाचं काय बिघडतं?

आईला फोन करायचा नाही, अशी शपथ घातलीय तिनं मला. पत्राचं काही बोलली नाही.

रडून झालं असेल तर उठा. याच बसनं या, ड्रायव्हर पुढची जागा राखून ठेवणार आहे. तिच्यावर ओरडायचं नाही. माझ्यावर काय ते ओरडा, मीही ओरडणार आहेच, पण वॉर्डाच्या बाहेर. आणि आल्यावर डॉक्टरांना आपल्या तोंडानं सांगा, ही वसतिगृहात कशाच्या भरवशावर राहिली आणि काय घेत नव्हती. वर्गात कोण येईल न येईल ते नंतर बघू.

कळ आली की ती डोळे मिटते आणि आपलाच हात पोटावर ठेवून श्वास सोडू लागते. नर्सबाई म्हणतात, करू द्या, चांगलं आहे. मघाशी मी माझा हात ठेवून पाहिला. म्हणाली, ‘काका, तुझा हात फार जड आहे रे.’

औषध चालू आहे, वहिनी. हात तुमचा हवाय.

तुमच्यावर अजून रागावलेला आणि बस येईपर्यंत वॉर्डाच्या दारातून न हलणारा,
तुमचा धाकटा दीर