गाडीतला डास

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझी मान आता कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा घालतोस, की तो खुंटीवर विश्रांती घेतोय? तुझ्या बायकोला सांग, तिने विणलेला स्वेटर मी रोज घालते (एक बाही लांब आहे, पण ते सांगू नकोस). इकडे सगळं ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, तुझे भाऊजी न चढताच कुरकुरतात. गॅलरीचा कठडा रंगवून उरलेला हिरवा रंग अजून संपलेला नाही. स्टूल झालं, शिडी झाली, कुंड्या झाल्या. हल्ली मी एका जागी फार वेळ बसत नाही.

शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, पत्राचं कारण पहिल्याच परिच्छेदात यावं, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नये. सिस्टरना धाकटा भाऊ नसावा. तेव्हा तू जरा ताटकळ.

विषय आमच्या गाडीतल्या डासाचा. तुला तो आठवत असेलच, त्याच्यापायीच तू अर्धा कप चहा टाकून उठून गेलास. तू हौसेने टेप, स्पीकर आणि सीटखाली तो काळा ॲम्प्लिफायर बसवून दिलास. काही महिने सगळं सुरेल वाजलं आणि मग प्रत्येक गाण्यामागे बारीक 'ईंऽऽ' सुरू झालं. गाडी उभी असली की खालच्या पट्टीत, ॲक्सिलरेटर दाबला की वरच्या. भाऊजी पाहुण्यांदेखत म्हणाले, "मेव्हण्यांनी आम्हाला डास पाळायला दिलाय." तू म्हणालास, "भाऊजी, बिघाड गाडीत नाही, तुमच्या कानात आहे." झालं! दोन शहाण्या माणसांचं बोलणं एका डासाने बंद केलं. तेव्हापासून हे रविवारी एकटेच बुद्धिबळ मांडतात, दोन्ही बाजूंनी खेळतात आणि हरलेल्या बाजूला तुझं नाव देतात. डासाची मला सवय झाली, रे. समोरच्या रिकाम्या खुर्चीची होत नाही.

म्हणून मीच गाडी काढली आणि चष्म्याच्या दुकानात जाते असं सांगून गॅरेज गाठलं. तिथले वायरवाले म्हणजे आत्मविश्वासाचा डोंगर. गाडी पुरती आत येण्याआधीच म्हणाले, "बाई, स्पीकर गेला." स्पीकर बदलून पाहिला, डास नव्या घरात आनंदाने गाऊ लागला. मग म्हणाले, "एरियल." मग म्हणाले, "या गाड्यांचा स्वभावच असा." तेव्हा मला शाळेतली प्रार्थना आठवली. सगळे डोळे मिटले की कुणीतरी गुणगुणायचं. सिस्टर रागावत नसत. ओळीतून एकेकीला बाहेर उभी करत, आणि जिच्यानंतर आवाज थांबला ती चोर. (बहुधा मीच असे. अजूनही डोळे मिटले की घसा आपोआप सुरू होतो.)

मी वायरवाल्यांना म्हटलं, आपण तसंच करू. फोनचा चार्जर बाहेर काढला, आवाज तसाच. एरियल काढली, तसाच. टेपचा आवाज अगदी शून्यावर आणला, तरी डास गातोच आहे. "म्हणजे टेप निर्दोष," वायरवाले म्हणाले, जणू त्यांचा पहिल्यापासून टेपवर विश्वास होता. ओळीत उरला तुझा ॲम्प्लिफायर. तूच चोर निघालास तर घरी काय तोंड दाखवू?

वायरवाल्यांनी सीट सरकवली. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची तार जिथे बोल्टने पत्र्याला आवळली होती, तिथे मी टॉर्चचा उजेड धरला, आणि मला आमच्या गॅलरीचा कठडा दिसला. तोच हिरवा! भाऊजींनी कधीतरी सीट काढून, गंज घासून, पत्रा रंगवला होता आणि तुझी तार त्या रंगावर नीट, प्रेमाने पुन्हा आवळली होती. तारेला उघडा पत्रा लागतो म्हणे. मध्ये रंग आला की इंजिनाची कुरकुर गाण्यात शिरते. वायरवाल्यांनी पात्याने रंग खरवडला, बोल्ट आवळला, इंजिन सुरू केलं. डास नाही! इतकी शांतता की गाणारी बाई ओळ उचलण्याआधी श्वास घेते, तोसुद्धा ऐकू आला. मी गाणं संपेपर्यंत उतरले नाही. वायरवाले बिचारे दार धरून उभे.

तर असा तू निर्दोष सुटलास. कळवावंसं वाटलं, एवढंच. मुद्दाम यायची तसदी घेऊ नकोस. मान सांभाळ.

तुझी,
ताई

ता. क. एवढंच नाही. मी घरी आले ती डास घेऊनच. आवाज गेला असता तर यांनी तुला बोलावलं कशासाठी असतं? आणि चूक यांची निघाली असती, तर यांनी उलट रंगाचा दुसरा हात मारला असता. म्हणून तारेच्या टोकाला माझी निळी फीत गुंडाळली, शाळेत वेणीला बांधायचो तशी फुलाची गाठ मारली आणि बोल्ट पुन्हा लावून घेतला. वायरवाले म्हणाले, "बाई, लोक आवाज काढायला येतात, तुम्ही घालायला आलात." काल हे आपणहून म्हणाले, "ज्याने बसवलं त्यालाच बोलवावं लागणार. तू लिही. मी सांगितलं असं लिहू नकोस." तेव्हा लिहीत नाही.

ता. क. दुसरा. रविवारी ये. आल्या आल्या सीटला हात लावू नकोस. आधी चार्जर, मग एरियल, मग चहा, मग बुद्धिबळ. फीत संध्याकाळच्या आत सापडता कामा नये. आणि हिरव्या रंगाबद्दल चकार शब्द नको.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार तोच खिडकीतून पाहिलं. हे गाडीचं दार सताड उघडून, ओणवे होऊन सीटखाली काहीतरी करत होते. मग फीत हातात धरून कितीतरी वेळ बघत बसले. खरवडलेल्या रंगावरून एकदा अंगठा फिरवला. मग फीत जिथल्या तिथे बांधली (फुलाची गाठ यांना येत नाही, साधीच मारली), बोल्ट आवळला आणि हात पुसत आत आले. म्हणाले, "छे, काही पत्ता लागत नाही बुवा. त्याला पत्र टाकलंस का?"