उंबरपाड्याच्या नदीतला गाळ उपसताना काठावर बसू देण्याबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता,
नदीकाठ भिंत व गाळ उपसा कक्ष,
विभाग कार्यालय, बोरिवली

अर्जदार : श्रीमती पर्पेच्युआ बॅप्टिस्ट घोन्साल्विस, वय ७१, उंबरपाडा गावठाण

विषय : उपशाच्या वेळी हजर राहण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. २ एप्रिलचे नकारपत्र.

महोदय,

१) प्लेगात अर्धे गाव गेले, तेव्हा उरलेल्यांनी नदीकाठी दगडी क्रूस उभारला. मे महिन्यात तेथे रोझरीची प्रार्थना होई. हिंदू शेजारणी पणती ठेवीत. अर्जदारांचे लग्नही त्याच क्रूसासमोर ठरले.

२) २६ जुलै २००५ रोजी नदी गावात शिरली. अर्जदारांचे पती बॅप्टिस्ट यांनी कमरेला दोर बांधून सहा माणसे बाहेर काढली. सहावी म्हणजे हा अर्ज लिहून देणारी शेजारीण. तिने सांगितले, "सासूबाई माळ्यावर राहिल्यात." ते म्हणाले, "आणतो," आणि परत पाण्यात उतरले. दोर तुटला. सासूबाई त्याआधीच मागच्या पत्र्यावरून सुखरूप निघाल्या होत्या, हे नंतर कळले. याबद्दल अर्जदारांनी वीस वर्षांत शेजारणीला एका शब्दाने दुखावलेले नाही.

३) बॅप्टिस्ट सापडले नाहीत. मृत्यूचा दाखला मिळायला सात वर्षे लागली. कबर नसल्याने अर्जदार क्रूसापाशीच मेणबत्ती लावत. पुरानंतर बहुतेक घरे विकून माणसे पांगली. अर्जदार मात्र नदी सोडून गेल्या नाहीत. गेल्या मार्चमध्ये भिंतीसाठी क्रूसही हलवला.

४) आपल्या पत्रात म्हटले आहे की, अभिलेखात तेथे नदी नसून नाला आहे, सबब नदीत वाहून गेलेल्या व्यक्तीसंबंधी अर्ज विचारात घेता येत नाही. अर्जदारांची त्यास हरकत नाही. आपण नाला म्हणावे. बॅप्टिस्ट नाल्यात गेले असे त्या लिहून देण्यास तयार आहेत.

५) विनंती एवढीच की, पोकलेन चालू असताना अर्जदारांना काठावर खुर्ची टाकून बसू द्यावे. बॅप्टिस्ट यांच्या बोटात अंगठी होती. आतून 'पी' कोरलेला आहे. गाळात अंगठी किंवा हाड दिसल्यास तो गाळ डंपरमध्ये भरण्याआधी अर्जदारांना दाखवावा.

६) काही सापडले नाही, तर तसे लेखी कळवावे. ते पत्र हाती आल्यावर अर्जदार वाट पाहणे थांबवतील.

आपल्या होकाराच्या आशेत,
आपली नम्र,
पर्पेच्युआ घोन्साल्विस (सही)

लिहून देणार : नलिनी विद्याधर तावडे
दि. १४ मे २०२६

सोबत : मृत्यूचा दाखला, लग्नाचा फोटो (परत मिळावा, दुसरी प्रत नाही).