चौथ्या मांडणीवरची वेल

२ फेब्रुवारी
आजपासून मी लॅबवाली. ताईने तिच्या लॅबच्या साहेबांकडे शब्द टाकला आणि सहा वर्षं कपाटात पडलेली माझी पदवी एकदाची कामाला आली. काम नाजूक, पण जमण्यासारखं. औषधी वेलीचा नखाएवढा तुकडा कापायचा, चिमट्याने बाटलीतल्या पोषक जेलीत उभा करायचा, झाकण लावायचं. एका तुकड्याची महिन्याभरात दहा रोपं होतात. पांढऱ्या उजेडात हजारो बाटल्या. तान्ह्या पोरांसारखं जप, ताई म्हणाली. मी म्हटलं, निदान ही रडत तरी नाहीत. दोघी पोट धरून हसलो.

७ फेब्रुवारी
चौथ्या मांडणीवरची वेल भलती हट्टी. वर्ष झालं, मूळच धरत नाही. आज ब्लेड निसटलं, बोट कापलं, रक्ताचा थेंब तिच्या बाटलीत पडला. बाटली फेकायला निघाले तर ताईने हातातून काढून घेतली. राहू दे, म्हणाली. माझ्या बोटाकडे पाहिलंही नाही. राग गिळला.

११ फेब्रुवारी
त्या बाटलीत मुळंच मुळं. साहेबांनी ताईची पाठ थोपटली. माझी जखम मात्र भरत नाही. आतून ठसठसते.

१४ फेब्रुवारी
जखमेतून पांढरा दोरा डोकावला. चिमट्याने ओढला. दोरा नव्हता, मूळ होतं. मनगटापर्यंत कळ गेली.
ताईला दाखवलं. तिला नवल वाटलं नाही.

१५ फेब्रुवारी
आज तिला धारेवर धरलं, तेव्हा बोलली. ब्लेडचा दांडा मुद्दाम सैल ठेवतात, रक्ताशिवाय ती वेल मूळ धरत नाही म्हणून. आधीच्या मुलीचंही असंच झालं होतं. मग सख्ख्या बहिणीला का आणलंस? तर म्हणे, घरचं माणूस बाहेर बोलत नाही. घरातलं मीठ संपलंय, इतक्या सहज सांगितलं तिने. तोंड फोडावंसं वाटलं.

१७ फेब्रुवारी
मुळं कोपरापर्यंत. साहेबांनी हात उलटासुलटा करून पाहिला, माझ्या तोंडाकडे नाही. उत्तम वाढ, म्हणाले.
उत्तम वाढ.

१८, दुपार
चौथी मांडणी रिकामी केली. एकूण एक बाटली निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरात कोंबली, बटण दाबलं. खोलीला आतून कडी. डाव्या हाताने लिहितेय. उकडून काढते सगळ्यांना.
ताई दार बडवतेय. बंद कर म्हणते, आधीचीनेही हेच केलं, आणि बाटल्या तापल्या तशी ती— ताईला पुढे बोलवत नाही, रडतेय. आता रडतेय.
कुकरचा काटा चढतोय. कुकरापासून दहा पावलं लांब आहे मी, तरी हात— कातडीला फोड— खांद्यापर्यंत—
ताई विचारतेय, केलंस का बंद. ऐक ताई, मी बंद कर—