हात पायांवर, सूर चालूच

देवास, कोजागिरीनंतरचा गुरुवार

ती. भैयासाहेबांस,

धाकट्या कल्पनाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनीसाहेबांची साखर आणि तुमचा राग, दोन्ही आटोक्यात असतील असे धरून चालते. इकडे सगळे खुशाल, फक्त तुमचे मेहुणे बोलत नाहीत, म्हणून हे पत्र.

आमची रुचा पुण्याला गेली तेव्हा तिचा वाजवायचा कीबोर्ड इथेच राहिला. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून हे खिडकीशी बसून कंपनीची बस जाताना बघायचे (त्या ड्रायव्हरलाही अवघडल्यासारखे होत असेल). एक दिवस मी ह्यांना कीबोर्ड पुसायला बसवले, तर पुसता पुसता त्यातला आर्पेजिएटर सापडला. म्हणजे असे, की तीन पट्ट्या एकदम दाबून धरायच्या आणि यंत्र तेच सूर एकामागून एक, खालीवर, न थकता फिरवत राहते. शेजारच्या यमुनाबाईंनी ऐकले आणि साहेबांचा हात काय फिरतो म्हणून गल्लीभर सांगत सुटल्या. ह्यांनी हो म्हटले नाही, पण नाही असेही म्हटले नाही. मग होल्डचे बटण सापडले. ते दाबले की बोटे उचलली तरी सूर चालूच. पुढे पुढे हे वाजवता वाजवता मला मटार सोलून देऊ लागले (तेवढी मदत झाली, नाकारत नाही). माझे डोके उठायचे. पण हे रोज दाढी करू लागले होते, बसची वेळ विसरले होते.

कोजागिरीला मराठी मंडळाने ह्यांना वाजवायला बोलावले. इस्त्रीचा कुडता, डोळे मिटलेले, लोक माना डोलावताहेत, आणि तेवढ्यात बळवंतराव आले. अर्ध्या देवासला गाणे शिकवलेला माणूस, आता ऐंशीच्या पुढे, नजर अधू. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे, वडीलधारे समोर आले की हातातले टाकून पाया पडायचे. ह्यांनीही टाकले. दोन्ही हात बळवंतरावांच्या पायांवर, आणि कीबोर्ड मात्र तसाच जोरात. पोरे टेबलाखाली वाकून बघू लागली. बळवंतरावांनी आशीर्वाद दिला, कान टवकारले आणि अगदी प्रेमाने विचारले, "शरदराव, दोन्ही हात तर माझ्या पायावर हैं, फिर बजा कौन रहा है, भिया?"

सगळे मंडळ हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. घाईत ह्यांना बटण सापडेना, शेवटी मीच उठून वायर ओढली. मसाला दुधाला ह्यांनी हातही लावला नाही. कीबोर्ड पलंगाखाली गेला आणि हे पुन्हा खिडकीशी.

तेव्हा रविवारी येऊन ते धूड एकदाचे धारला घेऊन जा. तुमची शिवांगी बडवील, आणि माझ्या कानांना आराम मिळेल.

तुमची,
कल्पना

ता. क. कीबोर्ड नेऊ नका. शिवांगीला आणा आणि तिलाच म्हणू द्या की मला शिकवा. मराठी अडले तर "फूफाजी, मुझे सिखा दो" चालेल. ह्यांना खिडकीशी बसलेले मला पाहवत नाही, भैयासाहेब.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच बळवंतराव काठी टेकत आले. म्हणाले, गाताना दम लागतो, मध्येच थांबतो. मी थांबलो की थांबेल असा साथीला कोणी पाहिजे, यंत्र नको. ह्यांनी पलंगाखालून कीबोर्ड काढला, आर्पेजिएटर बंद केला आणि एका बोटाने सूर धरला. तीनांत दोन चुकतात. बळवंतराव खोकले की हे थांबतात, मग दोघे हसतात, मग पुन्हा पहिल्यापासून. शिवांगीला शिकण्याचे बोलू देऊ नका, घरात एवढे दोन पुरे. सकाळपर्यंत पाहवत नव्हते, आता ऐकवत नाही. पण असू द्या. येताना कापूस तेवढा आणा.