शेठला कंदील दिला नाही

सुरत, पौष महिना, मंगळवार, १९७३

आज दिवेलागणीला वीज गेली आणि शेजारच्या शेठचे माग एकदम बंद पडले. काय शांत वाटलं! सुनेची शाल घेऊन (तिला विचारलं नाही) ओट्यावर बसले. थंडी होती, पण उठावंसं वाटेना. मागच्या गल्लीत कुणी भाकरी थापत होतं, तेही ऐकू आलं.

गेल्या हिवाळ्यात आमचे हे शेवटच्या दुखण्यात होते, डोळ्याला डोळा लागत नव्हता. शेठला हात जोडले, एक संध्याकाळ माग थांबवा. तो हसून म्हणाला, "बा, कानात कापूस घाला." त्या खडखडाटातच हे गेले.

आज तोच शेठ कंदील मागायला दारात. "बा, घडीक फानस आपोने."

"घासलेट नथी, भाई."

खोटंच. कंदील काठोकाठ भरलेला. पण मग मला तरी कसा लावता येणार? बसले अंधारातच, मजेत. तो तिकडे ठेचकाळून शिव्या देत होता, एकूणएक ऐकल्या. चुकलं का माझं? असेल.

एकच संध्याकाळ मागितली होती. आज मिळाली, तर ह्यांच्या वाटची पण मीच बसून घेतली.